अकरा वाजताचे गरम हात

माझी थोरली बहीण एकोणतीस वर्षं हॉस्पिटलात मावशी होती, त्यातली शेवटची चोवीस आयसीयूत. मी त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत होतो. ती वर, मी तळघरात, मध्ये चोपन्न पायऱ्या. लिफ्ट होती, पण ती पेशंटची. रिकामी असली तरी ताई तिच्यात पाय ठेवायची नाही. म्हणायची, "झोपून जायची वेळ येईल तेव्हा जाईन लिफ्टने."

मावशीचं काम झालं नाही तरच दिसतं. बेशुद्ध माणूस नव्वद किलोचा असतो आणि उचलताना तो आपल्याला काडीची मदत करत नाही. दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. तोंडात नळी, मानेत सुई, छातीवर वायरी, खाली लघवीची नळी, यातलं एकही ओढलं जाता कामा नये. चादर ताणून बसवायची, कारण चादरीतली सुरकुती दोन तासांत पाठीवर उमटते आणि आठवड्यात तिथे जखम होते. ताईच्या पेशंटला अशी जखम झाल्याचं मला आठवत नाही. झाली असती तर डाग चादरीवर आले असते, आणि चादरी माझ्याकडेच येत होत्या.

तिचं आणखी एक काम होतं. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे ते कुठल्या कागदावरही नव्हतं.

नातेवाइकांना आत सोडायच्या वेळा दोन, सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच. त्याआधी पंधरा मिनिटं ताई झाकणाची स्टीलची बादली घेऊन खाली यायची. मी आठ छोटे टॉवेल वाफेत धरायचो, पिळायचो, घडी घालून बादलीत रचायचो. ती झाकण लावून चोपन्न पायऱ्या चढायची. आठ बेड, आठ टॉवेल. प्रत्येकाचे दोन्ही हात, बोटांपासून मनगटापर्यंत, गुंडाळून धरायचे, चोळायचे, कोरडे करायचे. शेवटचा बेड पाच कमी अकराला व्हायचा. दार उघडलं की बायका, मुलं, भाऊ आत यायचे, पहिल्यांदा हात धरायचे, आणि हात गरम लागायचा. बाहेर जाताना एकमेकांना तेच सांगायचे. "हात गरम आहे हं." वॉर्डात तिचं नाव पडलं शेकमावशी.

हे कुठून आलं ते मला माहीत होतं. आमचे वडील गेले तेव्हा ताई अकरा वर्षांची होती. आईने तिचा हात बाबांच्या हातात दिला. तो इतका गार होता की ताईने झटक्यात काढून घेतला. बाबा शुद्धीवर होते. त्यांनी ते पाहिलं. दुपारी ते गेले. ताई हे आयुष्यात एकदाच बोलली, पण टॉवेल मात्र रोज दोनदा नेत होती.

आयसीयूत डॉक्टरांचा एक अभ्यास सुरू झाला तेव्हा ताईला नोकरीत तेवीस वर्षं झाली होती. एक डॉक्टरीणबाई आल्या. गळ्यात स्टेथोस्कोपच्या जोडीला दोरीने बांधलेलं स्टॉपवॉच. दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव घड्याळबाई झालं. बाई वाईट नव्हत्या. कामाला पक्क्या होत्या आणि दुसऱ्याच्या कामावर त्यांचा सहजासहजी विश्वास बसत नसे. मीही तसाच आहे, म्हणून मला त्या कळतात.

अभ्यास रक्तात जंतू पसरलेल्या पेशंटवर होता. अशा माणसाचं रक्त आधी मेंदू आणि हृदय सांभाळायला धावतं, हातापायांना पुरत नाही. घड्याळबाईंनी सगळ्या सिस्टरांना जमवून दाखवलं. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट काचेच्या पट्टीने दाबायचं, दहा सेकंद. बोट पांढरं पडतं. सोडायचं आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांच्या आत आला तर रक्त पोचतंय. जास्त लागले तर पोचत नाही, सलाईन आणि औषध वाढवायचं. पण सलाईन फार झालं तर फुप्फुसांत पाणी साचतं, म्हणून बोट चांगलं दिसलं की लगेच हात आखडता घ्यायचा. निम्मे पेशंट असे बोटावर चालवायचे, निम्मे रक्ताच्या तपासणीवर. कोण कशात ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. शेवटी कोण जास्त जगतात ते बघायचं.

बोटाच्या पेशंटचं पहिल्या दिवशी तासातासाला मोजायचं, नंतर रोज तीनदा: सकाळी सात, अकरा आणि पाच. अकराच्या आकड्यावर दिवसभराचं औषध ठरायचं, पाचच्या आकड्यावर रात्रीचं.

सिस्टरांना एकेक छापील कागद मिळाला. त्यात आठ ओळी होत्या. खोली फार थंड नसावी, नखाला रंग नसावा, असं सगळं होतं. मावश्या मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातात पोछे. त्यांना कागद मिळाला नाही. टॉवेलाचं कोणाच्या तरी डोक्यात यायला हवं होतं, पण अठरा वर्षं रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते. आणि त्या पावणेअकराच्या वेळेला सिस्टर मागच्या खोलीत औषधं भरत असायच्या.

तीन महिने गेले. मग चार नंबरवर सुतार आला.

चाळिशीचा माणूस. पायात खिळा घुसला होता. चार दिवस त्याने पाय फडक्यात बांधून काम केलं, पाचव्या दिवशी ताप आला, सहाव्या दिवशी तो बोलायचा बंद झाला. बायकोने अभ्यासाच्या कागदावर सही केली. चिठ्ठीत बोट निघालं.

ताई पहिल्याच दिवशी खाली येऊन म्हणाली, "अरे, काय हात आहे त्याचा! तळव्याला गाठी, अंगठ्याचं नख हातोडीने काळं झालेलं. कामाचा हात आहे."

"मग काय, बाकीचे सात काय फुकटे आहेत?"

"तू तुझी वाफ बघ."

सुताराची बायको कपडे शिवायची. तिच्या बोटाला सुया टोचून टोचून घट्टा पडला होता. ती अकराला यायची, अर्धा तास त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून बसायची, संध्याकाळी पुन्हा यायची. घरी सासू होती. तिला गुडघ्यांनी चालवत नव्हतं. सून घरी गेली की म्हातारी एकच गोष्ट विचारायची, हात कसे आहेत? तिच्या नवऱ्याचे म्हणे आधी हात गार पडले होते. सून सांगायची, गरम आहेत. म्हातारी मग जेवायची. हे सगळं तिने ताईला सांगितलं होतं. ताईला सगळेच सांगायचे.

तिसऱ्या दिवशी ताईने बादली पुढे केली आणि म्हणाली, "आज एक जास्त दे."

"का? नववा बेड टाकलाय?"

"चार नंबरला दोन लागतात. धरत नाही ऊब."

"माझा टॉवेल नीट तापलाय."

"तुझ्या टॉवेलाला कोण काय म्हणतंय? माणूस धरत नाही म्हणतेय मी."

नऊ दिले. संध्याकाळी ती दहा घेऊन गेली.

चौथ्या दिवशी तिने अकरा मागितले. ती दमलेली दिसत होती. मी विचारल्यावर म्हणाली, "गुडघे बघितले मी त्याचे, कूस बदलताना. जांभळी जाळी उमटलीय. काल टिचभर होती, आज मांडीवर चढलीय." अशी जाळी तिने खूप पाहिली होती. ती वर चढलेली माणसं कुठे जातात तेही पाहिलं होतं. "मी सिस्टरला म्हटलं, गुडघे बघा. तर म्हणते, आकडा छान आहे मावशी, दोन सेकंद. औषध कमी केलंय आज."

"मग बरंच आहे की."

"आहे ना." ती पायऱ्यांकडे वळली आणि थांबली. "हात चांगला, गुडघे वाईट. एकाच माणसाचे."

मला त्या वाक्याने अंगावर काटा आला, असं आज लिहिणं सोपं आहे. तेव्हा नाही आला. मी इस्त्रीच्या रोलरवर चादर टाकली.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई डबा घेऊन लाँड्रीत आली. डबा तिने उघडला नाही. वर धाकट्या सिस्टरवर संकट आलं होतं. ही पोरगी नवीन, चोवीसेक वर्षांची. हात लावील ते नेमकं करायची. अकराचं आणि पाचचं बोट तीच दाबायची. सातचं रात्रपाळीची सिस्टर दाबायची. घड्याळबाईंनी सकाळी टेबलावर बावीस पेशंटचे कागद पसरले आणि तिला बोलावलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, सातला सगळ्यांची बोटं वाईट, अकराला सगळ्यांची चांगली. बावीसच्या बावीस. माणसं अशी रांगेत उभी राहून बरी होत नाहीत. तू आकडे मनाने लिहितेस."

"आणि ती?"

"ती म्हणाली, मॅडम, मी मोजूनच लिहिते. रडत नव्हती. कपाटाच्या खोलीत जाऊन मग रडली. सोमवारपासून तिला आयसीयूतून काढणार, वर पत्र देणार." ताईने डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "खोटं नाही रे ती लिहीत. मी समोर उभी असते. दाबते, सोडते, लाल होतं. डोळ्यांनी बघते मी."

"सातला तू असतेस?"

"मी आठला येते. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. म्हणून विचारलं."

माझ्या हातांकडे माझं लक्ष गेलं. एकतीस वर्षं वाफेत आणि गार पाण्यात घातलेले हात. लाँड्रीत डाव्या बाजूला वाफेचा कॉक, उजव्या बाजूला खळबळायची टाकी. मी उजवा हात टाकीत घातला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला. डावा हात गरम टॉवेलात गुंडाळला. भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं मोजली.

"काय चाललंय तुझं? डोकंही घाल त्या टाकीत."

"गप बस. तो ग्लास आण."

पाणी प्यायच्या काचेच्या ग्लासाचं बूड उजव्या बोटावर दाबलं. दहा मोजले, सोडलं. बोट मेणासारखं राहिलं. एक, दोन, तीन, चार, आणि पाचाला रंग आला. मग डावा. सोडलं आणि एक म्हणायच्या आत लाल.

ताई बघत होती. तिला कळायला जेवढा वेळ लागला तेवढाच, म्हणजे त्या पाच सेकंदांएवढा.

"परत कर," ती म्हणाली.

परत केलं. तेच झालं. तिने स्वतःचे हात घातले. तिच्या हातांचंही तेच झालं.

"म्हणजे मी अठरा वर्षं..."

"अठरा नाही. तीन महिने. त्याआधी बोट कोणी मोजत नव्हतं."

"मापं नको काढूस माझ्यासमोर!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की पलीकडच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याचं औषध कमी केलंय काल. आज आणखी केलंय. हात गरम म्हणून."

"जाऊन सांग."

"सांगते."

पण पावणेपाचला ती बादली घेऊन आली. मी विचारलं, सांगितलंस? ती म्हणाली, "बायको यायची वेळ झालीय. टॉवेल दे." मी द्यायला नको होते. दिले. बारा होते. त्या संध्याकाळी पाचचा आकडा सव्वादोन सेकंद आला आणि औषध आणखी एक पायरी उतरलं. हे मला ताईने कधी सांगितलं नाही. धाकट्या सिस्टरने सांगितलं, बऱ्याच वर्षांनी. त्या एका संध्याकाळच्या दोषात आम्ही दोघंही आहोत.

सहाव्या दिवशी पावणेअकराला ती आली.

"एकच दे."

"आणि बाकीचे बेड?"

"एक."

मी एक दिला. ती पायऱ्या नेहमीपेक्षा हळू चढली. पुढचं मी पाहिलं नाही. तिने आणि त्या सिस्टरने सांगितलं, आणि दोघींचं सांगणं जुळतं.

चार नंबरपाशी जाऊन तिने सुताराचा फक्त डावा हात शेकला. नीट, नेहमीसारखा, बोटं सुटी करून, मनगटापर्यंत. उजव्याला तिने स्पर्श केला नाही. मग टॉवेल बादलीत टाकला, झाकण लावलं आणि बेडच्या पायाशी उभी राहिली.

अकराला घड्याळबाई स्वतः आल्या. सिस्टर कशी मोजते ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. सिस्टरने उजवं बोट दाबलं. दाब बरोबर होता. दहा झाले. सोडलं. घड्याळबाईंनी आपलं स्टॉपवॉच चालू केलं. बोट पांढरंच. बेडच्या मशीनचा टिक-टिक आवाज तेवढा येत होता. साडेसहा सेकंदांनी रंग आला, तोही मळकट.

"आज बरा खरा आकडा निघाला," घड्याळबाई म्हणाल्या. "मी उभी आहे म्हणून?"

सिस्टरने काच पुसून ठेवली. ताई म्हणाली, "बाई, आता डावं दाबा."

"मावशी, तुम्ही तिकडचं पुसून घ्या."

"डावं दाबा. मग पुसते."

असं त्यांना कोणी बोललं नसावं. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग काच स्वतः हातात घेतली, पलीकडे गेल्या, डावं बोट दाबलं. सोडलं. दोन सेकंद.

त्यांनी परत दाबलं. दोन. उजवं परत दाबलं. साडेसहा.

ताईने बादलीचं झाकण काढलं. टॉवेल अजून वाफ सोडत होता.

घड्याळबाई स्टुलावर बसल्या. बादलीकडे बघत विचारलं, "किती दिवस?"

"अठरा वर्षं. अकराच्या आधी आणि पाचच्या आधी."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"सातला?"

"सातला मी नसते."

बाई उठल्या. सिस्टरच्या खांद्याला हात लावून पुढे गेल्या. औषध ताबडतोब वाढवायला सांगितलं, रक्ताची तपासणी मागवली, चादर बाजूला करून गुडघे पाहिले. जाळी पोटापर्यंत आली होती. ती बघताना त्यांचा चेहरा कसा झाला ते दोघींनीही मला सांगितलं नाही.

तेवढ्यात दार उघडलं. अकरा वाजून गेले होते आणि नातेवाईक आत येऊ लागले. सुताराची बायको आपल्या रोजच्या बाजूने आली, रोजच्यासारखा उजवा हात धरला आणि तशीच उभी राहिली. बसली नाही.

"आज गार आहे," ती म्हणाली.

घड्याळबाई काही बोलायला गेल्या. ताईने आधी सांगितलं. "आज शेकला नाही."

"म्हणजे?"

"मी रोज शेकत होते. तुम्ही यायच्या आधी. गरम टॉवेलाने."

बायको बेडला वळसा घालून पलीकडे गेली. डावा हात धरला. "हा गरम आहे."

"तो शेकलाय."

"शेकला नसता तर?"

"त्या हातासारखाच."

ती कितीतरी वेळ तो डावा हात धरून राहिली. तो तिच्या हातातच हळूहळू गार होत गेला. शेवटी ती म्हणाली, "मी घरी काय सांगत होते, मावशी?"

ताईने बादली उचलली आणि जिथे पुसायचं राहिलं होतं तिथे जाऊन पुसलं. कबूल केलं होतं म्हणून.

बावीस पेशंटचे कागद बाद झाले. तीन महिन्यांचं काम. धाकट्या सिस्टरला काढलं नाही, पत्रही गेलं नाही. ताईला काढतील असं सगळ्यांना वाटत होतं. मोठ्या सिस्टरने घड्याळबाईंना तसं विचारलंही. बाई म्हणाल्या, "कागद मी मावश्यांना दिला नव्हता." नवा कागद छापला. त्यात नववी ओळ होती: मोजण्याआधी पंधरा मिनिटं हाताला गरम किंवा गार काही लावू नये, चोळू नये. हा कागद प्रत्येक मावशीला मिळाला. ताईला बारीक अक्षर दिसत नव्हतं. मी तिला तीनदा वाचून दाखवला. नववी ओळ तिने पाठ केली.

पुढची सहा वर्षं, म्हणजे नोकरी संपेपर्यंत, तिच्याकडे हेच काम आलं. भेटीची वेळ आणि मोजायची वेळ एकच होती, त्यामुळे नातेवाईक आत आल्या आल्या हात चोळायला लागायचे. ताई त्यांना थांबवायची. "आधी बोट बघू द्या. मग चोळा." लोक तिला काय काय म्हणायचे! एकीने तोंडावर सांगितलं, तुला मूलबाळ नसेल. आहे, दोन आहेत, ताई म्हणाली, आधी बोट. शेकमावशी हे नाव पुसलं गेलं. नवीन लोक तिला बर्फमावशी म्हणायचे. तिला ते माहीत होतं.

तिने घड्याळबाईंना एकदाच विचारलं होतं, "टॉवेलामुळे झालं का?" बाई म्हणाल्या, "एका माणसावरून कोणालाच सांगता येत नाही, मावशी. मलाही नाही. त्याचा आजार मोठा होता." ताई म्हणाली, "बरं." त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने घरातही कोणाचा हात हातात घेतला नाही. नातवाला रस्ता ओलांडून नेताना त्याचं मनगट धरायची.

त्यानंतर तिने माझ्याकडून टॉवेल नेले नाहीत. एकदा सोडून.

सुतार नवव्या दिवशी गेला. दुपारी सव्वातीनला. तीन दिवस त्यांनी खूप खटपट केली. औषध जेवढं चढवता येईल तेवढं चढवलं. बोटं आधी पांढरी, मग निळी, मग टोकाला काळी झाली. मशीन बंद केली तेव्हा बायको बाजूलाच होती. ती रडली नाही. तिने ताईला बाजूला बोलावलं.

"दीर सासूबाईंना आणायला गेलाय. गाडीत घालून आणतोय. पाऊण तासात येतील."

"बरं."

"त्यांना मी रोज सांगितलंय हात गरम आहेत. त्या दिवसानंतरही. मला दुसरं सांगता आलं नाही." मग ती म्हणाली, "आता तर काही मोजायचं नाही ना?"

"नाही."

"मग शेका."

ताई खाली आली. बादली माझ्यासमोर ठेवली आणि काय झालं ते तीन वाक्यांत सांगितलं.

"किती?" मी विचारलं.

"आता किती लागतील ते मला माहीत नाही."

मी वाफेचा कॉक पूर्ण उघडला. सोळा टॉवेल तापवले. जिवंत माणसाला टॉवेल लावला की थोडी ऊब त्याच्या रक्तातूनही येते. इथे ती सगळी बाहेरून आणायची होती आणि येणाऱ्या माणसापर्यंत टिकवायची होती. सोळा एका बादलीत मावेनात. दुसरी बादली मी घेतली. एकतीस वर्षांत मी आयसीयूत गेलो ती तेवढी एकच वेळ. चोपन्न पायऱ्या भरलेल्या बादलीने चढल्यावर माझी छाती भरून आली, आणि ताई हे दिवसातून दोनदा करत होती.

तिने काळी झालेली बोटं मुठीत वळवली, म्हणजे टोकं दिसू नयेत. मग एकावर एक टॉवेल. थंड झाला की काढायचा, पुढचा लावायचा. मी पिळून देत होतो. ती म्हणाली, "घट्ट पिळ. पाणी गळता कामा नये. ओला लागला तर कळेल." पंचवीस मिनिटं ती वाकलेली होती. शेवटचा टॉवेल काढून तिने हात कोरडा पुसला, आणि लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला.

म्हातारीला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. ती खूप लहान दिसत होती. तिने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी हातच धरला, मुठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि डोळे मिटले. ऊब पाच मिनिटं टिकेल असा माझा अंदाज होता. कमीच टिकली असती.

म्हातारीने डोळे उघडले आणि सुनेकडे मान वळवली.

"तू खरंच सांगत होतीस गं," ती म्हणाली. "मला उगाच तुझा संशय येत होता."

सुनेने ताईकडे पाहिलं. ताई बादलीत टॉवेल मोजत होती. सोळा भरले तेव्हा तिने झाकण लावलं. मी दोन्ही बादल्या खाली नेल्या आणि टॉवेल त्याच दिवशी धुतले.